बिजलीचा पगार

फौजेतून पेन्शनवर आलो आणि माझी पुढची पोस्टिंग चाकणला झाली, एका कंपनीच्या सिक्युरिटीत. काम तेच, डॉग हँडलर. बायको म्हणाली, "बंदूक सुटली, कुत्री काही सुटंना!"

माझी बिजली गावठी. एक कान मोडका, पण नाक अस्सल. तिला काठी ठाऊक नाही. काम बरोबर केलं की त्याच क्षणी चेंडू. उशीर झाला, तर कुत्रं भलतंच शिकतं.

मे महिन्यात भर दुपारी आमच्या फिटरचा, ज्ञानोबाचा, चिखलीहून फोन आला. "सर, माय घरातून निघून गेली. तिला नावबी सांगता येईना." म्हातारीला विसरण्याचा आजार आणि वर रणरणतं ऊन. मी बिजलीला घेऊन निघालो.

तिला म्हातारीचं लुगडं हुंगवलं, लांब दोरी सैल सोडली. आणि निघाली की राव! पत्र्याच्या शेडांमधून, लेथच्या खडखडाटातून, नाक जमिनीला. कितीतरी वर्षांनी माझं काळीज फौजेतल्यासारखं धडधडत होतं.

एका वर्कशॉपच्या गेटपाशी ती दम खायला थांबली. तिथले मालक सय्यदभाई मायाळू माणूस. त्यांनी पटकन बिस्कीट टाकलं. "खा बेटा, दमलीस." झालं! गेट सापडलं म्हणून बक्षीस मिळालं, असं बिजलीला वाटलं. ती तिथेच ठाण मांडून बसली.

"सर, ओढा की तिला!" ज्ञानोबा ओरडला.

"ओढायचं नाही. तिची चूक नाही."

सय्यदभाईंचा चेहरा पडला. मी बिजलीला थोडं मागे नेलं, लुगडं पुन्हा दिलं. "शोध." ती गेटपाशी जाऊन माझ्याकडे बघू लागली. मी ढिम्म. चेंडू निघत नाही म्हटल्यावर तिनं नाक खाली घातलं आणि गेट मागे टाकून रस्त्यानं सुसाट सुटली!

लाकडी पॅलेटच्या थप्पीमागे म्हातारी बसली होती. ओठ सुकलेले, पण डोळे उघडे.

"माय!" ज्ञानोबा रडायलाच लागला. सय्यदभाई पाणी घेऊन धावले. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. मी चेंडू फेकला आणि बिजलीबरोबर भर रस्त्यात नाचलो. लोक हसले. हसू देत, तो तिचा पगार होता.

हे मला फौजेत शिकवलं हवालदार कदम उस्तादांनी. डोंगरातल्या शेवटच्या सर्चला ते आणि त्यांची कुत्री वीरा सगळ्यांत पुढे होते. वीरा सुरुंग हुंगून खाली बसली, ती सुरुंग सापडल्याची खूण. वायरलेस सेटवर मागच्या आमच्या तुकडीला उस्तादांचा आवाज आला, "कॉलम, हॉल्ट!" आम्ही जागीच थांबलो, म्हणून वाचलो. दुसरा सुरुंग त्या दोघांच्या शेजारीच होता. तो फुटण्याआधी सेटवर आणखी एक वाक्य आलं. ते आमच्यासाठी नव्हतं.

"शाब्बास वीरा, शाब्बास माझी..."