वाचणारा बाइंडर

विश्रामबागेत कॉलेजच्या रस्त्यावर एक बाइंडर आहे. आमच्या विद्यार्थ्यांचे पीएच.डी.चे प्रबंध तोच बांधायचा. माणूस मूळचा जतचा, शिक्षण सातवी. पानं उलटसुलट लागू नयेत म्हणून तो प्रत्येक पानाची शेवटची ओळ पुढच्या पानाशी ओठ हलवत जुळवून बघतो. त्या नादात त्याचा अख्खा प्रबंध वाचून होतो.

माझ्या विद्यार्थ्याचा ‘जत तालुक्यातील शेती’ हा प्रबंध न्यायला मी गेलो, तेव्हा खळीचे हात पुसत त्यानं एक पान पुढं केलं.

“सर, आमच्या जतला नारळाच्या बागा कवा झाल्या? आमी तर टँकरची वाट बघत वाढलो.”

पठ्ठ्यानं कोकणातला कुठला तरी प्रबंध उचलून फक्त गावांची नावं बदलली होती. मी मार्गदर्शक. परीक्षकांचे अहवालही उत्तम आले होते.

“टायपिंगची चूक असेल,” मी म्हणालो.

“धा पानं हायत, सर.” मग प्रमाणपत्रावरची माझी सही बघून तो म्हणाला, “तुमी वाचलंय न्हवं? मग माझंच चुकत आसंल.”

हल्ली मी विद्यार्थ्यांना पलीकडच्या बाइंडरकडं पाठवतो. तो वाचत नाही.