शेवटचा नंबर

लंडनच्या ईलिंगमधल्या त्या बॅले कंपनीत सगळे नर्तक काळे नाहीतर आशियाई. एका हॉलचे बघता बघता तीन स्टुडिओ झाले, रिसेप्शनवरची बाई मात्र तीच. पन्नाशीची, कॉव्हेंट्रीत वाढलेली मराठी. फोनवर बोलतानाही टाचा उचलून उभी असायची. क्लासला येणाऱ्या माझ्या मुलीला म्हणायची, "तू लकी गं. मला सोळाव्या वर्षी ऑडिशनला म्हणाले, गोऱ्या मुलींच्या रांगेत तू वेगळी दिसते. संपलं."

यंदा ऑडिशनला ही गर्दी. प्रत्येकीच्या छातीवर तिनं कागदी नंबर लावला. शेवटचा एक उरला. तो स्वतःच्या कार्डिगनला लावून ती दाराच्या काचेत बघत ताठ उभी राहिली. मी मान दुसरीकडे वळवली.

तेवढ्यात फोन वाजला. नंबर न काढताच ती म्हणाली, "सॉरी लव्ह, आता एकही जागा उरली नाही."