हॉर्न बेस हाय

मुरबे गावात आमच्या शेजारी राहणारा बर्फाच्या ट्रकवरचा ड्रायव्हर कुणाच्या वस्तूला तोंडावर वाईट म्हणायचा नाही. आमच्याकडे जेवताना कालवण खारट लागलं, तर तो भाताचं कौतुक करायचा. बायको त्यावरून काय ते समजायची.

सुके बोंबील डोंगरातल्या बाजारांना न्यायला मला चारही चाकं ओढणारी मोठी जीप हवी होती. बोईसरला त्याच्याच मेव्हण्याची एक विकायला होती, नवा रंग दिलेली. बायकोच्या पाटल्या मोडून मी ड्रायव्हरला घेऊन ती बघायला गेलो. मेव्हण्यासमोर ह्याने बॉनेट उघडलं, खाली वाकून पाहिलं, मग आत बसून हॉर्न वाजवला.

"हॉर्न बेस हाय," तो माझ्याकडे बघत म्हणाला.

विचार करून सांगतो म्हणालो आणि निघालो.

पुढे पालघरला दुसरी जीप मिळाली, पार रंग उडालेली. तिच्यातल्या कशाचंच ह्याने कौतुक केलं नाही. "बोंबील भर," एवढंच म्हणाला.

पहिल्या फेरीला तो शेजारी बसला होता. चिखलाचा उभा चढ समोर आला. भरल्या गोण्यांनिशी ही चढेल का, या धास्तीत मी होतो, तेवढ्यात म्हैस आडवी आली. मी हॉर्न दाबला. तो वाजलाच नाही.

माझा जीव भांड्यात पडला.