बापाची इस्टेट आणि माझं टेबल

केजला रजिस्ट्री ऑफिसबाहेर लिंबाखाली माझं टेबल आहे. वकिलीची सनद आहे, पण कोर्टात मी फारसा दिसत नाही. मृत्युपत्रं, वाटणीपत्रं आणि हक्कसोड, एवढ्यावरच माझी चूल पेटते. या धंद्यात किस्से गोळा करावे लागत नाहीत, लिंबाच्या पाल्यासारखे आपोआप टेबलावर पडतात. बायकोनं सांगून ठेवलंय, "ते घरात आणू नका." म्हणून तुम्हाला सांगतो. नावं तेवढी बदललीत.

*

तात्यांपासून सुरू करू. तात्यांना मृत्युपत्र म्हणजे टीव्हीचा रिमोट वाटतो. एकुलता एक मुलगा, पण तो चार माणसांत उलट बोलला की तात्या टेबलाशी हजर. "लिव्हा वकीलसाहेब, समदं देवळाला."

एकदा ते पोचायच्या आधी त्यांच्या सुनेचा फोन आला. "साहेब, मामा निघालेत. बापलेकाचं सकाळीच वाजलंय. जरा रखडवा, मी धपाटे थापतेय."

मी रखडवलं. स्टॅम्प पेपर संपलेत म्हणालो, प्रिंटर बिघडलाय म्हणालो, चहा मागवला. तात्या चुळबुळ करत होते. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. बोलून झालं आणि ते उठून टोपी नीट करायला लागले.

"तात्या, देवळाचं काय?"

"देव काय पळून चाललाय व्हय? धपाटे गार हुतेत."

*

नांदूरघाटकडचे बिरूअण्णा मेंढपाळ. दोन मुलं, आणि दोघांचं एकमेकांशी बोलणं बंद. अण्णांनी जिवंतपणीच कळप वाटून दिला. निम्मी मेंढरं थोरल्याला, निम्मी धाकट्याला, आणि पुढं चालणारा घंटीचा मेंढा धाकट्याला. वाटणीपत्र मीच लिहिलं.

थोड्याच दिवसांत थोरला तणतणत आला. "साहेब, ह्यो काय न्याय हाय? तिकडं घंटी वाजली की माजी समदी मेंढरं त्येच्या कळपात जात्यात. रोज सांच्याला माघारी आणाया जावं लागतंय."

मी अण्णांना फोन लावला. म्हटलं, अण्णा, लिहिण्यात चूक झाली का?

"चूक कसली," अण्णा शांतपणे म्हणाले, "मेंढरासाठी का व्हईना, भावाच्या दारात जातोय न्हवं?"

*

एक निवृत्त गुरुजी आले. "जय भीम" म्हणून बसले आणि म्हणाले, "वकीलसाहेब, मृत्युपत्र तयार आहे. पण मी गेल्यावर पोरं भांडतील ते मला बघायला मिळणार नाही. तुम्ही घरी या आणि सगळ्यांसमोर वाचा. काय भांडायचं ते माझ्यापुढं भांडू द्या."

रविवारी गेलो. पुण्याचा इंजिनियर मुलगा, लातूरची नर्स मुलगी, दोघं हजर. मी घर वाचलं, प्लॉट वाचला, बँकेतल्या ठेवी वाचल्या. कुणी हूं की चूं केलं नाही. गुरुजींचा अगदी हिरमोड झाला.

मग मुलीनं विचारलं, "आईची शिलाई मशीन कुणाला?"

ते लिहायचंच राहिलं होतं. त्या मशीनवर गावाचे कपडे शिवून आईनं दोघांची फी भरली होती, हे मला तिथं कळलं. मग जी जुंपली म्हणता! इंजिनियर म्हणतो, मी थोरला. नर्स म्हणते, तुला सुईत दोरा तरी ओवता येतो का बे? गुरुजी खुर्चीत पुढं सरकून खुशीत ऐकत होते.

आतल्या खोलीतून आईचा आवाज आला. "कुनी बी न्या, पर आज न्हाई. गिऱ्हाइकाचा ब्लाउज अर्धा हाय."

*

माझ्या वडिलांचंही ऐका. अख्ख्या तालुक्याची मृत्युपत्रं मी लिहितो, आणि आमच्या अण्णांनी आपलं मृत्युपत्र केलं ते माझ्यासमोरच्या टेबलावर! देशमुख वकिलाकडे! तेही मी चहाला गेलो असताना.

मी घरी जाऊन विचारलं, "अण्णा, कावून? माझं अक्षर वाईट हाय का?"

"त्यात तुजं नाव हाय ना," अण्णा म्हणाले. "काय लिव्हलंय ते तुला कळलं, तर मला रोज बीपीची गोळी कोण आणून दील?"

मला खरंच वाईट वाटलं. गोळ्या मी तरीही आणतो. देशमुख रोज सकाळी माझ्याकडे बघून गालात हसतो आणि मी त्याला नमस्कार करतो. न करून सांगतो कुणाला.

*

आता अनुसयाताईंचा किस्सा. त्यांचे वडील वारले आणि जमिनीला दोन भावांबरोबर ताईंचंही नाव लागलं. आपल्याकडची रीत तुम्हाला माहीत आहे. बहिणीनं हक्क सोडायचा, भावांनी साडी-चोळी करायची. हिस्सा मागितला की माहेर तुटतं, हे कुणी न सांगता बहिणींना कळतं. मला ही रीत आवडत नाही, पण तिचे कागद मीच लिहितो.

भावांनी ताईंना तेलगावच्या सासरहून जीपमध्ये बसवून आणलं. मी दस्त वाचून दाखवला आणि नेहमीचं विचारलं, "ताई, राजीखुशीनं सोडताय ना?"

"जमीन सोडते," ताई म्हणाल्या. "पर दादाला इचारा, बाप गेल्यापासनं पंचमीला मला न्यायला कावून कुनी आलं न्हाई? आज बरी जीप आली."

धाकटा म्हणाला, "अगं, कामं असत्यात."

"मंग कामं उरका. आदी पंचमीला न्या, मग सही घ्या. मला माजं माहेर हाय का गेलं, येवढं कळू द्या."

मी उगाच पेन शोधत बसलो. भावांनी कबूल केलं आणि पंचमीला जीप खरंच तेलगावला गेली. ताई माहेरी राहिल्या, बायकांबरोबर वारुळाला गेल्या, झोक्यावर बसल्या.

सण झाला आणि दुसऱ्याच दिवशी तिघं टेबलाशी. ताईंच्या हातात नव्या बांगड्या होत्या आणि चेहरा उजळला होता. आम्ही आत गेलो. हल्ली अंगठा मशीनवर द्यावा लागतो. ताईंनी ठेवला, मशीन घेईना. पदराला पुसून ठेवला, तरी घेईना. दुसऱ्या हाताचा ठेवला, तोही घेईना.

क्लार्कनं ताईंचे हात उलटे करून बघितले. तळव्यांपासून बोटांच्या टोकांपर्यंत मेंदीचा गडद थर होता.

"मेंदी उतरल्यावर या," तो म्हणाला.

धाकटा चिडला. "येवढी थापायला कुनी सांगितलंतं?"

"थोरल्या वहिनीनं लावली," ताई म्हणाल्या. "म्हनली, माहेरची हाय, चांगली रंगू द्या."

थोरल्यानं मिशीत हसू दाबलं. "मग आता कवा गं?"

ताईंनी दोन्ही हात समोर धरून नीट न्याहाळले.

"दिवाळीला या न्यायला. मग बघू."