पिशव्या समोरच्या पायरीवर

नव्वदच्या दशकात महाडच्या बाजारपेठेत आपल्या घरची कापडाची दोन दुकानं समोरासमोर होती. जुनं आमचं. वाटण्या झाल्यावर तुमच्या आजोबांच्या धाकट्या भावाने रस्त्यापलीकडे नवं काढलं आणि तिथल्या गल्ल्यावर माझी धाकटी जाऊ बसू लागली. आमच्या गल्ल्यावर मी. तिच्या पायऱ्या कोण चढतं, ते मला बसल्या जागेवरून दिसे.

पोलादपूरच्या वरच्या अंगाला असलेल्या वाड्यांवरची माणसं सकाळच्या एसटीने यायची. दवाखाना, कचेरी, बियाणं अशी कामं आटपेपर्यंत हातातल्या पिशव्या ओळखीच्या दुकानात ठेवायची आणि परतीच्या गाडीआधी घेऊन जायची. ज्या दुकानात पिशवी ठेवली तिथूनच कापड घ्यायचं, असं कुणी ठरवलेलं नव्हतं. पण सगळे तसंच करत.

मी इंग्रजी शाळेत वाढलेली. दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला "या, बसा" म्हणायचे, खुर्ची पुढे करायचे, ट्रेमधून पाणी द्यायचे आणि जाताना न चुकता "आभारी आहे" म्हणायचे. जाऊ यातलं काही करत नसे. गादीवर बसल्या बसल्याच ती ओरडायची, "काय गो, आज म्हशी कुणाच्या गळ्यात घालून आलीस?" आणि पिशव्या मात्र तिच्या पायरीवर जमायच्या. माझ्या पोटात दुखायचं.

तरी एक पिशवी माझी होती. आंबेनळीच्या वाटेवरच्या एका वाडीतली म्हातारी माझ्या सासऱ्यांच्या वेळेपासून आमच्याकडे यायची. एका वर्षी तिच्या नातीचं लग्न ठरलं. लग्नाचा बस्ता, म्हणजे दोन्हीकडची सगळी कापडखरेदी, एकाच दुकानात होते, आणि तो ज्याच्याकडे बांधला जाईल त्याच्याकडे पुढे ती सगळी वाडी जाते. तो बस्ता मला हवा होता. आणि एका बाजाराच्या दिवशी खताच्या गोणीची शिवलेली तिची ती पिशवी मला समोरच्या पायरीवर दिसली.

पुढच्या वेळी ती आली तेव्हा जाऊ माहेरी दासगावला गेलेली, तिचं दुकान बंद. म्हातारी नाइलाजाने माझ्याकडे चढली.

"धाकटी वयनी कुठं गेली?"

"दासगावला. तुम्ही बसा ना."

"बसत नाय. पिशवी ठेवते. आणि ह्यो तुपाचा डबा हाय, तिला द्या."

हे तूप पूर्वी आमच्या घरी येत असे.

संध्याकाळी पिशवी घ्यायला ती आली. मी खुर्ची दिली, पाणी दिलं आणि म्हटलं, "आमच्याकडे आलात, आभारी आहे."

ती हसायला लागली. "अवो वयनी, पिशवी माजी, जागा तुमची, नि आभार तुमीच मानताव? आमी काय परकी हाव?" मग पाणी पिऊन म्हणाली, "तुमी लय चांगल्या. तुमच्याकडं आलं की पावण्याच्या घरी आल्यावानी वाटतं. पदर सावरून बसावं लागतं. तिच्याकडं पाय पसरता येतात, येवढंच."

ती हे अगदी मायेने बोलली, म्हणून अधिकच लागलं.

दुसऱ्या दिवशी मी डबा पोचवला. जावेने झाकण उघडून वास घेतला आणि मला न विचारताच अर्धं तूप एका भांड्यात ओतून माझ्या हातात ठेवलं. "घ्या ताई, म्हातारीचं तूप तुम्हालाच जास्त आवडतं." मला त्याचाही रागच आला. तूप मात्र छान होतं.

बस्त्याच्या दिवशी वाडीतली माणसं जीप करून आली. सगळी बायामंडळी समोर चढली. मी उगाचच थप्प्या झटकत राहिले. दुपारी जाऊ रस्ता ओलांडून आली. "ताई, म्हातारीला लुगडं हवंय. माझ्याकडे सगळ्या पाचवारी. तिला पाठवू?" नऊवारी आता फक्त आमच्याकडेच राहिली होती. मनात आलं, संपली म्हणून सांगावं. पण म्हटलं, "पाठव."

म्हातारी आली. या वेळी मी खुर्ची पुढे केली नाही. ती खाली सतरंजीवर बसली, गुडघे चोळले आणि चांगली पाच-सहा लुगडी उलगडायला लावून हिरवं घेतलं. मी घडी करून हातात दिलं आणि उरलेली लुगडी आवरायला घेतली.

ती उंबऱ्यात थांबली. "आज आभार नाय मानलेत?"

"मानायचे होते. गिळले."

"बरं केलंत," ती म्हणाली, आणि लुगडं काखोटीला मारून समोर दाखवायला गेली. तिथे पुष्कळ वेळ हसणं ऐकू येत होतं. बस्ता तिकडेच बांधला गेला, आणि पुढे आम्ही दुकान बंद करेपर्यंत त्या वाडीच्या पिशव्याही तिकडेच राहिल्या.

आता तुमचा रविवारी फोन येतो. माझी तब्येत विचारता, शाळेचं सांगता, आणि शेवटी म्हणता, "थँक्यू आजी." मग फोन तुमच्या धाकट्या आजीकडे जातो. तिच्याशी तुम्ही भांडता, तिला चिडवता, आणि थँक्यू न म्हणताच ठेवून देता. मी शेजारीच बसलेली असते. मला सगळं ऐकू येतं.