सफरचंदाला लावलेलं तूप

साखर करपल्याचा वास आला की मला आमचं अंबरनाथचं जुनं स्वयंपाकघर आठवतं. धाकटी जाऊ नवीनच होती, उल्हासनगर कॅम्प पाचची. तिने मोबाईलवर बघून सफरचंदांना काड्या टोचल्या, लाल पाकात बुडवली आणि काचेसारखी चकचकीत केली. मुलं तिलाच चिकटली. सासूबाई म्हणाल्या, "हिच्या हातात जादू आहे हो!" दर संक्रांतीला घरभर चिक्की पुरवणारी मी जळून खाक झाले. दुसऱ्या दिवशी ती बाजारात गेल्यावर मीही कडक पाक केला, आणि चिक्कीच्या ताटाला तूप लावायच्या सवयीने सफरचंदांनाही ते चोळलं. सगळा पाक घसरून ताटात जमला. तेवढ्यात ती आलीच. "ताई, सफरचंदाला तूप लावलंत?" हसलीसुद्धा नाही, हसली असती तर भांडता तरी आलं असतं. तिने तोच पाक पुन्हा तापवला, दाणे घातले, पोळपाटावर लाटला. सासूबाईंनी तुकडा मोडला. "अगंबाई, तुझ्यापेक्षा पातळ झालीय हिची चिक्की!" आता ती बदलापूरला असते, संक्रांतीला डबाभर चिक्की पाठवते. सगळी मीच संपवते, आणि तिचा फोन आला की सांगते, यंदा जरा जाडच झालीय.