बद्द वाजणारा सांधा

वाजवून न पाहता आमच्या भावोजींनी विश्वास ठेवला, अशी एकही वस्तू अख्ख्या डिचोली तालुक्यात सापडायची नाही. बाजारात मडकं तर सगळेच वाजवून घेतात, बद्द वाजलं की फुटकं. हे फणस वाजवत, सोप्याचा खांब वाजवत, भाचीसाठी स्थळ बघायला गेले तर त्या घराची भिंतसुद्धा टकटक करून येत. एकदा छाती भरली म्हणून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी पाठीवर बोटं वाजवली, तर हेच मान वळवून विचारतात, "बद्द ना न्ही, दोतोर?" आणि दर वेळी जवळ अक्का, म्हणजे माझी थोरली बहीण, हवीच. "कसो वाजलो गो?" असं तिला विचारल्याशिवाय त्यांचा फणससुद्धा पिकत नसे. हे निव्वळ बायकोवेड आहे, असं मी सगळ्यांना सांगत असे.

भावोजी खाणीच्या वर्कशॉपमध्ये वेल्डर. गोवा नुकतंच घटकराज्य झालं होतं, आणि आखातातून आलेल्या पुतण्याच्या मासिकात त्यांनी नळ्यांच्या पिंजऱ्यावर बांधलेली मोटार पाहिली. वरचं फायबरचं अंग तयार विकत मिळतं, आतला सांगाडा आपला आपण जोडायचा, एवढं कळल्यावर ते थांबतात कसले. भंगारातल्या जीपचं इंजिन नि चाकं परसात आली, मागोमाग नळ्या. कोकणी की मराठी यावरून सोप्यावर आमचे आवाज चढले की ते हातोडी घेऊन मध्ये येत आणि म्हणत, "नळो खंयचे भाशेन वाजता तें पयलीं सांगा."

नळी वाकवताना चेपू नये म्हणून तिच्यात वाळू ठासायची, दोन्ही तोंडांना बूच मारायचं आणि मग तापवायची. वाळू आमोण्याच्या नदीचीच हवी, हा हट्ट. ती ओली राहिली. पहिल्याच नळीत वाफ कोंडली आणि बूच उडालं ते कौलं फोडून थेट देवघरात. देव थोडक्यात वाचले. त्या दिवसापासून चतुर्थीच्या नेवऱ्या, म्हणजे करंज्या, तळायच्या काहिलीत अक्का वाळू भाजू लागली, आणि पाठमोरी असतानाच सांगू लागली, "आतां सुकी वाजता." आमचे वडील आरतीला घुमट, म्हणजे मातीचं चर्मवाद्य, वाजवायचे. त्यांचा कान तिच्याकडे गेला; मला त्यातलं ओ की ठो कळत नाही.

शेवटी मयेच्या उतारावर चाचणी ठरली. अंग नाही, दारं नाहीत. सांगाड्यावर दोन फळ्या, एकीवर भावोजी, दुसरीवर मी. त्या उतारावर खनिजाचे भरलेले ट्रक समोरून येत. वाड्यावरचे लोक घराशी जमले होते. निघण्याआधी भावोजी एकेक सांधा वाजवू लागले. मी अगदी जवळ होतो म्हणून त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं: त्यांचं नळीकडे लक्षच नव्हतं. ठोका मारायचे आणि दारातल्या अक्काच्या तोंडाकडे बघायचे. तिची मान हलली की पुढचा सांधा. स्टिअरिंगखालच्या सांध्याला तिची मान हलली नाही. पुन्हा ठोका. पुन्हा नाही.

"बरो वाजता, चला भावोजी," मीच म्हटलं, कारण लोक हसायला लागले होते. अक्का पायऱ्या उतरून खाली आली.

"बद्द वाजता. हाचेर बसपाचें ना."

भावोजींनी पहार घालून सांधा ओढला, तर नळी हातात आली. वरून वेल्डिंग गुळगुळीत, आत शिरलंच नव्हतं. मी तुळशीच्या कट्ट्यावर जो बसलो तो बराच वेळ उठलो नाही. अक्कानं पाणी आणून दिलं आणि हळूच म्हणाली, "मशिनाच्या आवाजान कान गेल्यात तेंचे. कोणाक सांगनाका."

सांधा नव्यानं जोडला, अक्काची मान हलली, आणि आम्ही तिघं, अक्का माझ्याच फळीवर, मयेच्या तळ्यापर्यंत जाऊन आलो. येताना भावोजी मोठ्यानं गात होते, अर्थात बेसूर. फायबरचं अंग काही आलं नाही. सांगाडा परसातच राहिला आणि अक्कानं त्यावर दोडकीचा वेल चढवला.

अक्का गेल्यावर पुष्कळ दिवसांनी मी तिकडे गेलो. भावोजी सुकलेला वेल बाजूला सारून सांधे वाजवत होते. ठोका मारायचे आणि स्वयंपाकघराच्या दाराकडे बघायचे. मी जाऊन त्या दारात उभा राहिलो आणि पुढच्या ठोक्याला चांगली मोठी मान हलवली.

"बरो वाजता, भावोजी."

त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. "मान हालता, पूण तुजें तोंड तशें सांगना," म्हणाले, आणि तोच सांधा पुन्हा वाजवला.